सार्वजनिक सेवांना सेन्सर जोडायचे, तर आधी माहिती की आधी माणसं?

पाणवाट (धागाकर्ता)

पाण्याचे पंप, मलवाहिन्या, रस्त्यावरचे दिवे, वीजमीटर, बस. या सगळ्यांना सेन्सर आणि सिमकार्ड बसवून त्यांची खबर आपोआप कार्यालयात पोचवायची, हा प्रयोग आता जगभर बऱ्याच सरकारांनी केला आहे. माझं मत आधीच सांगतो. सरकारांनी हा खर्च करावा, हात आखडता न घेता करावा, पण एका अटीवर. खबर आल्यावर कोण जाणार, किती वेळात जाणार आणि त्याचा पैसा कुठून येणार, हे ठरल्याशिवाय एकही उपकरण विकत घेऊ नये.

हे मत पक्कं झालं ते रवांडातल्या हातपंपांच्या अभ्यासामुळे. ग्रामीण भागातल्या पंपांना सेन्सर लावले होते आणि पंप चालतोय की बंद पडलाय हे मोबाइल नेटवर्कवरून कळत होतं. देखभालीच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या. एका गटात नेहमीची व्यवस्था, दुसऱ्यात मेकॅनिकच्या ठरलेल्या फेऱ्या, तिसऱ्यात सेन्सरवरून बिघाड दिसला की मेकॅनिक निघणार. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बंद पंप दुरुस्त व्हायला नेहमीच्या व्यवस्थेत साधारण १५२ दिवस लागत होते, फेऱ्यांच्या पद्धतीत ५७ आणि सेन्सरच्या पद्धतीत २१. चालू पंपांचं प्रमाण अनुक्रमे ६८, ७३ आणि ९१ टक्के. तिसऱ्या गटातही पाना घेऊन जाणारा माणूस होताच, हे कृपया विसरू नका. कुठल्या पंपाकडे आधी जायचं, एवढं त्याला वेळेत कळलं आणि त्यावरच आकडे इतके बदलले.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या साउथ बेंड शहराचं. तिथे सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. मोठा पाऊस झाला की वाहिन्या तुंबायच्या आणि मैलापाणी नदीत जायचं. २००८ पासून त्यांनी वाहिन्यांत शंभराहून जास्त सेन्सर बसवले, काही ठिकाणी आपोआप उघडमीट होणाऱ्या झडपाही. एका भागात पाऊस कोसळत असतो तेव्हा दुसऱ्या भागातली वाहिनी निम्मी रिकामी असते. पाणी तिकडे वळवायचं. नदीत जाणारं मैलापाणी खूप घटलं आणि आधी ठरवलेल्या मोठ्या बांधकामांतली बरीचशी टाळता आली.

तुमचं मत काय? विरोध असेल तर तोही सविस्तर मांडा.

---

उंबरठा

विरोधच आहे.

सरकारला माहिती नाही म्हणून सेवा वाईट आहेत, हे गृहीतकच मला मान्य नाही. फ्लिंटचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१४ मध्ये मिशिगनमधल्या या शहराने खर्च वाचवण्यासाठी नदीचं पाणी वापरायला सुरुवात केली. त्यात गंज रोखणारी प्रक्रिया केली गेली नाही आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. म्हणजे लोखंडाला ते चालत नाही हे सगळ्यांना कळलं होतं, आणि तरी लहान मुलं तेच पाणी पीत राहिली. पाण्याचा स्रोत पुन्हा बदलला तो थेट ऑक्टोबर २०१५ मध्ये.

यात कुठला सेन्सर कमी पडला? माहिती दारात येऊन ओरडत होती. ऐकायचं कुणाला नव्हतं, कारण ती माणसं गरीब होती. अशा ठिकाणी तुम्ही उपकरणं बसवली तर तक्रारीच्या ढिगात आणखी एक ढीग वाढेल. तोच पैसा आधी फिटर, परिचारिका, लाइनमन यांच्या रिकाम्या जागा भरायला वापरा. रवांडाच्या आकड्यांतही १५२ वरून ५७ दिवसांवर आणण्याचं काम फक्त नियमित फेऱ्यांनी केलंय, ते तुम्ही दोन शब्दांत उरकलंत.

---

सुकाणू

उंबरठा यांच्याशी शंभर टक्के सहमत. शेवटचं वाक्य तर धागाकर्त्यांनी दोनदा वाचावं.

---

पाणवाट

वाचलं. फेऱ्यांनी दिवस कमी झाले हे खरंच आहे. पण चालू पंपांचं प्रमाण त्यांनी ६८ वरून ७३ वरच गेलं. पिणाऱ्याच्या दृष्टीने तोच आकडा महत्त्वाचा, आणि त्यात मोठी उडी आली ती बिघाडाची खबर लगेच मिळाल्यावर.

फ्लिंटबद्दल तुमचा संताप माझाही आहे. पण त्यातून मी उलट निष्कर्ष काढतो. तपासण्यांचे आकडे अधिकाऱ्यांच्या ताब्यात होते आणि ‘पाणी सुरक्षित आहे’ असं सांगणारेही तेच होते. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या चमूने रहिवाशांना बरोबर घेऊन घरोघरचे नमुने तपासले, तेव्हा तो दावा कोसळला. लोकांच्या हातात स्वतंत्र मोजमाप आलं आणि चित्र पालटलं. शिसं पाण्यात सतत मोजत राहणारं स्वस्त उपकरण आजही सहज मिळत नाही, त्यामुळे सेन्सरने फ्लिंट वाचलं असतं असा दावा मी करणार नाही. मात्र दाब, गढूळपणा, क्लोरीन या गोष्टी सतत मोजता येतात. ते आकडे कार्यालयात पोचतात त्याच क्षणी लोकांनाही दिसले पाहिजेत.

---

तिठा

मोजमाप कुठे होतं, हाही प्रश्न आहे ना. बॉस्टनमध्ये २०१२ च्या सुमारास स्ट्रीट बंप नावाचं ॲप आलं. गाडीतल्या मोबाइलला बसणाऱ्या हादऱ्यांवरून रस्त्यातले खड्डे आपोआप नोंदले जायचे. कल्पना सुंदर. पण ज्या वस्त्यांत स्मार्टफोन आणि गाड्या कमी, तिथले खड्डे नकाशावर येईनात. हा धोका नगरपालिकेच्या लक्षात आला, म्हणून आधी सगळीकडे फिरणाऱ्या तपासनीसांच्या गाड्यांत ते वापरलं गेलं. तसं केलं नसतं तर चांगल्या वस्तीचे रस्ते आणखी चांगले झाले असते, तेही ‘आकडे असंच सांगतात’ या आधारावर.

सेन्सर कुठे बसवायचे याचा नकाशा आधी लोकांपुढे यावा, एवढंच म्हणणं.

---

काजवा

पंप आणि गटारांवर मला आक्षेप नाही. माझी भीती दिव्यांच्या खांबांची आहे.

सॅन दिएगो शहराने २०१६ साली ‘स्मार्ट’ दिव्यांना मंजुरी दिली. सांगितलं काय, तर वीज वाचेल, वाहतूक मोजता येईल, पार्किंगची माहिती मिळेल. असे तीन हजारांहून अधिक दिवे बसले आणि त्यांत कॅमेरे होते. पुढे पोलिस गुन्ह्यांच्या तपासात ते चित्रण वापरू लागले. बऱ्याच नागरिकांना आणि काही नगरसेवकांनाही खांबावर कॅमेरा आहे हे फार उशिरा कळलं. आंदोलन झालं आणि सप्टेंबर २०२० मध्ये महापौरांना ती यंत्रणा बंद ठेवायचा आदेश द्यावा लागला. त्या आधी सांगितलेल्या वाहतुकीच्या मोजणीचं काय झालं, हे कुणी विचारतही नव्हतं.

वीजमीटरचंही तसंच. दर १५ मिनिटांनी वापर नोंदवणारा मीटर घरात माणूस कधी उठतो, कधी बाहेर जातो, रात्री कोण जागं असतं हे सांगू शकतो. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचे करणारा कायदा २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहात अडला, तो याच मुद्द्यावर. नंतर नागरिकांना नकार देण्याची मुभा ठेवून सुधारित कायदा आला. देशाने त्यामुळे मीटर सोडून दिले नाहीत. नकाराचा हक्क देऊनही बहुसंख्य घरांत ते बसले.

म्हणून माझी रेघ स्पष्ट आहे. वस्तू मोजा: पाण्याची पातळी, झडपेची स्थिती, ट्रान्सफॉर्मरचं तापमान. माणूस मोजायचा असेल तर आधी त्याला विचारा आणि नाही म्हणाला तरी त्याची सेवा चालू ठेवा.

---

झाडू

काजवा यांनी माणसं मोजण्याचा विषय काढला म्हणून लिहितो. माझ्या घरात सफाई कामगार आहेत. सेवा सुधारायची म्हटली की पहिला ट्रॅकर त्यांच्याच हातात बांधला जातो. कुठे थांबले, किती वेळ बसले, सगळं कुणाच्या तरी पडद्यावर. पण हातमोजे मागितल्याचा अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहे, हे दाखवणारा पडदा मी अजून पाहिला नाही. जोडायचंच असेल तर ते टेबल आधी जोडा.

---

उंबरठा

झाडू, तुम्ही जे लिहिलंत त्यापुढे माझा लांबलचक प्रतिसाद फिका आहे. हाच या सगळ्या योजनांचा कल आहे. नजर नेहमी वरून खाली.

---

पाणवाट

झाडू यांचा मुद्दा पूर्ण मान्य. आणि नजर खालून वर नेता येते, याचंही उदाहरण आहे. एस्टोनियाने २००१ मध्ये एक्स-रोड सुरू केलं. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकाच ठिकाणी न गोळा करता, गरजेपुरती माहिती एका खात्याकडून दुसऱ्याकडे सुरक्षितपणे पाठवणारी ही यंत्रणा. तिथे नागरिक आपल्या नोंदी कुठल्या सरकारी संस्थेने पाहिल्या हे स्वतः ऑनलाइन बघू शकतात. विनाकारण डोकावणाऱ्याचा माग राहतो. अर्ज कुठे अडला हे दाखवणं तांत्रिकदृष्ट्या याहून अवघड नाही. तेवढी इच्छा मात्र हवी.

---

झडप

मी अशी उपकरणं बसवणं आणि सांभाळणं हेच काम करतो. या चर्चेत सगळेजण उपकरण चालू आहे असं धरून बोलताहेत. तेच सगळ्यात मोठं गृहीतक आहे.

उद्घाटनाच्या दिवशी सगळं हिरवं दिसतं. मग मलवाहिनीतल्या सेन्सरवर चिकट थर बसतो, बॅटरी उतरते, चेंबरच्या लोखंडी झाकणाखालून सिग्नल पोचत नाही. तो दर महिन्याला साफ करायला माणूस लागतो आणि नेमका तोच खर्च अंदाजपत्रकात नसतो. हमीचा काळ संपला की पडद्यावर जुनेच आकडे दिसत राहतात. बंद सेन्सर परवडला, कारण तो बंद आहे हे कळतं. चुकीचा आकडा दाखवणारा सेन्सर घातक.

नेटवर्कही कायमचं नसतं. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. त्यावर चालणारी उपकरणं ठीक असूनही मुकी झाली. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसमधला आठवड्यांचा गणक, ज्यावरून उपकरणं तारीख ओळखतात, पुन्हा शून्यावर गेला. तारीख बरीच आधी माहीत होती, तरी न्यूयॉर्क शहराचं स्वतःचं वायरलेस जाळं कोलमडलं, कारण वेळेत अद्ययावत केलेलं नव्हतं.

आणि सुरक्षा. एप्रिल २०१७ मध्ये डॅलसमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास वादळाची सूचना देणारे १५६ भोंगे एकाच वेळी वाजले आणि तास-दीड तास थांबेनात. कुणीतरी त्यांना चालू करणारा रेडिओ संदेश पाठवला होता. घाबरलेल्या लोकांनी आपत्कालीन क्रमांकावर इतके फोन केले की खरी गरज असलेल्यांनाही थांबावं लागलं. त्याच्या आधीच्या वर्षी, २०१६ मध्ये, मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या उपकरणांत असे सरसकट पासवर्ड ठेवायला कायद्याने बंदी केली आहे. सरकारी खरेदीत ही अट पहिल्या पानावर हवी.

हे सगळं लिहूनही मी पाणवाट यांच्याच बाजूने आहे. मलवाहिनीत माणूस उतरवण्यापेक्षा तिथे सेन्सर उतरवलेला मला कधीही चालेल.

---

उंबरठा

झडप, निविदा तुमच्या हातात असती तर काय लिहिलं असतं? खरंच विचारतोय.

---

झडप

उपकरणाच्या किमतीइतकाच ठळक आकडा दहा वर्षांच्या देखभालीचा लिहिला असता. कंपनीला पैसे उपकरणांच्या संख्येवर न देता, दर महिन्याला किती टक्के आकडे बरोबर आले त्यावर दिले असते. आकडे सरकारच्या मालकीचे आणि खुल्या स्वरूपात, म्हणजे उद्या कंत्राटदार बदलला तर तीच उपकरणं नव्याकडे चालली पाहिजेत. बार्सिलोनाने याचसाठी सेंटिलो ही सेन्सर जोडणारी प्रणाली मुक्तस्रोत ठेवली, इतर शहरांनाही ती वापरता येते. शिवाय प्रत्येक झडपेला हाताने फिरवायचं चाक. जाळं पडलं तरी पाणी थांबता कामा नये.

---

सुकाणू

टक्केवारीवर पैसे द्यायचे तर ती तपासणार कोण? कंपनीचे आकडे कंपनीच तपासणार असेल तर आपण फिरून तिथेच.

---

झडप

दर महिन्याला चिठ्ठी टाकून थोडे सेन्सर निवडायचे आणि खात्याच्या फिटरने हातातल्या मीटरने तिथे जाऊन मोजायचं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी जाहीर करायचे.

---

उंबरठा

म्हणजे फिटर लागतोच. मग त्या निविदेतच खात्याच्या फिटरच्या कायम जागा लिहा, कंत्राटी नव्हे. तेवढं असेल तर पंप आणि गटारांपुरता माझा विरोध मागे. हजेरीच्या ट्रॅकरला आणि दिव्याच्या खांबावरच्या कॅमेऱ्याला कायम.

---

पाणवाट

कायम जागांना माझा पाठिंबा. खांबावरच्या कॅमेऱ्यांनाही विरोधच. ट्रॅकरबद्दल झाडू यांच्या घरच्यांना विचारून मगच बोलेन. वस्तीत पुराचं पाणी शिरताना सूचना देणाऱ्या यंत्रणांवर मात्र कुणीच लिहिलेलं नाही. त्या विषयातलं कुणी असेल तर जरूर लिहा.