मॅग्नेटिक पुट्टी घरी करायचीये, पावडर कुठली घेऊ?

आठवीचीआई: लेकीच्या शाळेत शुक्रवारी विज्ञान प्रदर्शन आहे, तिला ती लोहचुंबक गिळणारी काळी पुट्टी करायचीये. व्हिडिओत लिक्विड स्टार्च होतं म्हणून काल फेविकॉलमध्ये कपड्याची खळ घातली तर नुसतं पिठलं झालं, वर हार्डवेअरवाल्याने रेड ऑक्साइड दिलं त्यामुळे रंग गेरूचा, आणि चुंबक टेकवला तरी ढिम्म. काय चुकतंय?

खटपट्या: दोन्हीकडे चुकलंय ताई. त्या अमेरिकन स्टार्चच्या बाटलीत बोरॅक्स असतं, फेविकॉल बांधून ठेवायचं काम ते करतं, आपल्या खळीत कुठलं आलंय. काष्ठौषधीच्या दुकानात टाकणखार मागा, तेच ते. कपभर कोमट पाण्यात १ छोटा चमचा विरघळवा. पाव कप फेविकॉल, २ मोठे चमचे पाणी आणि २ मोठे चमचे काळी पावडर आधी घोटून घ्या, मग टाकणखाराचं पाणी चमच्याचमच्याने. मी पहिल्यांदा सगळं एकदम ओतलं तर रबराचे तुकडे झाले, पोरगा अजून त्याला 'बाबांचं चिकन' म्हणतो.

कातळकर: रेड ऑक्साइड म्हणजे गंजच हो, चुंबकाला दाद देत नाही. काळं आयर्न ऑक्साइड हवं, म्हणजे मॅग्नेटाइट. फरशीच्या सिमेंटात घालायचा काळा रंग मिळतो पण कधी ती नुसती काजळी निघते, तेव्हा पुडीखाली चुंबक धरून दुकानातच बघा. लेथचा कीस चालतो पण बोटाला टोचतो आणि ओल्यात गंजतो. फुकटात हवं तर आमच्या रत्नागिरीची काळी वाळू! चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवायचा, पिशवीला काळी दाढी येते, कागदावर धरून आतला चुंबक काढून घेतला की सगळी खाली. समुद्र लांब असेल तर नदीची वाळू बघा, आपल्या काळ्या कातळातही मॅग्नेटाइट असतंच.

लॅबवाली: फ्रीजवरचा चुंबक नको, निओडिमियमचा म्हणजे खूप ताकदीचा घ्या, जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिळतो. घरात लहान मूल असेल तर मात्र जपा, असे दोन चुंबक पोटात गेले तर मधे आतडं चिमटतं, थेट ऑपरेशन. टाकणखारही तोंडात जायला नको. आणि परीक्षक विचारणारच की यात प्रयोग कुठाय, तर १, २, ३ चमचे पावडरीचे तीन गोळे करा, बाकी सगळं सेम, आणि चुंबक पूर्ण गिळायला किती वेळ लागतो तो मोजा.

आठवीचीआई: झाली!! नदीवर दोन तास वाकून वाटीभर पावडर जमली, कंबर गेली माझी. ३ चमच्यांच्या गोळ्याने ६ मिनिटांत गिळला, १ चमच्याचा अर्धा तास नुसता मान उंचावून बसलाय. पण आता आतला चुंबक निघेना, सगळा लडबडलाय.

खटपट्या: व्हिनेगर टाका, गोळा पातळ होतो. चुंबक लगेच धुवून पुसा, नाहीतर व्हिनेगरने त्याचा मुलामा जाईल. आणि पुढच्या वेळी त्याला आधी क्लिंग फिल्म गुंडाळा.