अॅम्बॅसडर गरम झाल्यावर बंद पडते : आधी कंडेन्सर बघा

नवे प्लग घालूनही वीस मिनिटांनी गाडी बंद पडते आणि गार झाली की चालू होते, म्हणजे प्लगचा दोष नाही. बंद पडल्या पडल्या कॉइलची (ठिणगीसाठी बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा भाग) मधली वायर इंजिनच्या ब्लॉकपासून सहा मिलिमीटरवर, इन्सुलेटेड पकडीने धरा आणि स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक असेल तर पेट्रोलची लाइन बघा. पिवळी, मरतुकडी असेल तर दोष कंडेन्सरचा (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा डबा) किंवा कॉइलचा. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) निळसर जळालेले दिसले तर कंडेन्सरच बदला, पॉइंटचा गॅप ०.३८ मिलिमीटर ठेवा. कॉइलचा रोध ती गरम असतानाच मोजा. बॅलास्ट (कॉइलच्या आधी जोडलेला रेझिस्टर) नसलेल्या कॉइलच्या प्रायमरी वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम हवा. डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटकडे जाणारी बारीक वायरही हलवून पाहा. पॉइंट बसवलेली बेसप्लेट सतत थोडी मागेपुढे हलते, त्यामुळे ही वायर आवरणाच्या आत तुटते आणि वरून धडधाकट दिसते!