मदत हवी आहे: सांबऱ्याला (बेळगावच्या विमानतळावर) उतरणाऱ्या ७९ वर्षांच्या आत्याला खानापूरपर्यंत कसं आणू?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात वडगावला राहते. तुळशीचं लग्न झालं की पंधरा दिवसांनी माझ्या मुलीचं लग्न आहे. कार्यालय खानापुरात. पाहुणे चारी दिशांनी येणार आहेत, बाकीचे आपापले येतील. काळजी फक्त आत्या आणि मामांची आहे. (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो.)

दोघं दिल्लीहून विमानाने येतील. आत्याचे दोन्ही गुडघे गेलेत. सपाट जमिनीवर काठी घेऊन थोडं चालते, जिना अजिबात जमत नाही. मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर ड्रायव्हरशी बोलणं अवघड. त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी थेट मुहूर्ताला पोचणार, म्हणजे सोबत कोणी नाही. आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे हळद. मी नाही निघू शकत, आमचे हेही नाहीत. घरातला गाडी चालवणारा प्रत्येक माणूस त्या दिवशी कुठे ना कुठे अडकलेला आहे.

आई गेल्यावर मला आणि माझ्या भावाला आत्याने शहापुरातल्या तिच्या माहेरच्या घरात वर्षभर सांभाळलंय. ती सांबऱ्याच्या दारात बॅगेवर बसून वाट बघत राहिली तर मला ते लग्न गोड लागणार नाही. म्हणून एवढं सविस्तर विचारतेय.

एक अनुभव आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात नणंदेचं हैदराबादहून येणारं विमान हवा खराब म्हणून सांबऱ्याला न उतरता हुबळीला गेलं. आम्ही ठरवलेला गाडीवाला सांबऱ्याला तासभर थांबला आणि न कळवता निघून गेला. नणंद हुबळीहून गाडी करून रात्री साडेदहाला घरी आली. ती चाळिशीची आहे, निभावलं. आत्याला हे निभणार नाही.

आता प्रश्न. सांबऱ्याला उतरल्यावर बाहेर जी गाडी मिळेल ती करायला सांगू, की इथूनच ओळखीची गाडी पाठवू? तिकीट काढून देणारा म्हणतो, गोव्याला विमानं जास्त, तिथे उतरवा. ते कितपत बरोबर? विमान वळवलं गेलं तर आधीच काय ठरवून ठेवावं? आणि व्हीलचेअर नेमकी कुठे, कोणाकडे मागायची?

आत्या शेवटची आली तेव्हा सांबऱ्याला जुनी छोटी इमारत होती. २०१७ नंतरचं नवं टर्मिनल तिने पाहिलेलंच नाही.

मुतगेकर

ताई, मी सांबऱ्याच्याच रस्त्यावर राहतो, रोज बघतो. बाहेरच्या गाडीवर अवलंबून राहू नका. सांबऱ्याला गाडीवाले विमानाच्या वेळेलाच जमतात, पहिल्या दहा मिनिटांत निघालेल्यांना मिळून जातात. व्हीलचेअरवरचा माणूस सगळ्यात शेवटी बाहेर येतो, हे लक्षात घ्या. तोवर मैदान मोकळं. बसचा विचार तर करूच नका. बाळेकुंद्री, सुळेभावीकडच्या गाड्या बागलकोट रस्त्याने जातात खऱ्या, पण थांबा मुख्य रस्त्यावर. तिथवर सामान घेऊन चालायचं, मग सीबीटीला (शहरातल्या मुख्य बसस्थानकावर) उतरून खानापूरची दुसरी बस. तरण्या माणसाला ठीक आहे.

ओळखीची पिवळ्या पाटीची गाडी पाठवा. सांबरा ते शहर १० किलोमीटर, पुढे पिरनवाडी, मच्छेवरून खानापूर, सगळं मिळून ३५-४० किलोमीटर. भाडं ठरवताना गणेबैलचा टोल आणि थांबण्याचे पैसे धरूनच एक आकडा विचारा, नाहीतर कार्यालयाच्या दारात वाद होतो. ड्रायव्हरला आत्यांचा फोटो पाठवा, आत्यांना ड्रायव्हरचा फोटो आणि गाडीचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. मामांना फोनवर ऐकू येत नसलं तरी कागद वाचता येतो की.

दवाखान्यातली मावशी

व्हीलचेअरबद्दल मी सांगते, माझ्या सासऱ्यांना चारदा नेलंय. विमानतळावर जाऊन मागू नका. तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी तरी विमान कंपनीला कळलं पाहिजे. नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हणून भागत नाही. त्यात प्रकार आहेत. एक, लांब चालवत नाही पण जिना जमतो. दुसरा, जिनाही जमत नाही. तिसरा, जागेवरून उठताही येत नाही. तुम्ही दुसरा सांगा. पहिला नोंदवला गेला तर खुर्ची विमानाच्या शिडीपाशी येऊन थांबते आणि शिडी तुमच्या आत्याला स्वतः उतरावी लागते. सासऱ्यांच्या बाबतीत पहिल्या वेळी हेच झालं, बाकीचे प्रवासी थांबून बघत होते, त्यांना फार लाजल्यासारखं झालं. दिल्लीला चेक-इनच्या वेळी मुलाला पुन्हा विचारायला सांगा.

फोंडेकर

गोव्याचं तिकीट काढू नका. मुळात गोवा म्हणजे आता दोन विमानतळ. जुना दाबोळी, आणि २०२३ पासून चालू झालेला पेडण्यातला मोपा. दोघांचे कोड जवळजवळ सारखे, जीओआय दाबोळीचा, जीओएक्स मोपाचा. गाडी एकीकडे आणि पाहुणे दुसरीकडे असं आमच्या घरी झालेलं आहे. कुठेही उतरलात तरी पुढे साखळीवरून चोर्ला घाट. जांबोटीहून खानापूरला वळता येतं हे खरं, पण तीन तासांच्या आत काही पोचत नाही, आणि वळणांचा रस्ता गुडघेदुखीच्या माणसाला फार त्रास देतो. वर गोव्याची टॅक्सी कर्नाटकात यायची तर परमिटचा प्रश्न. मी तिथला असून हे सांगतोय.

निपाणीकर

विमान वळवलं तर बहुधा हुबळी. तिथून बेळगाव साधारण १०० किलोमीटर, पण हायवे सरळ आहे, दोन तासांत येतं. त्यामुळे घाबरू नका, फक्त हुबळी-धारवाडकडे कोणी नातेवाईक असेल तर त्याला त्या दिवशी फोन चालू ठेवायला सांगा. तुमचा ड्रायव्हर सांबऱ्याहून हुबळीला जाईल का, किती घेईल, हे आत्ताच बोलून ठेवा. नणंदेच्या वेळी हेच राहिलं.

आत्या रेल्वेने यायला तयार असतील तर निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस थेट बेळगावला येते. दीड दिवस जातो, पण वळवण्याची भीती नाही.

मुंबई-पुण्याच्या बाकी पाहुण्यांना एक सांगा. पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावला थांबते, पण रोज नसते. आणि ज्या बायकांनी ऐकलंय की कर्नाटकात बस फुकट, त्यांना आधीच सांगा, ती सवलत इथल्या रहिवाशांनाच, ओळखपत्र दाखवून. महाराष्ट्राच्या एसटीतलं अर्धं तिकीटही हद्दीपर्यंतच. कर्नाटकाच्या बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, कंडक्टरला "खानापूर?" एवढं विचारलं तरी तो मराठीत उत्तर देतो. सीमेवरून काही तापलं की दोन्हीकडच्या बस बंद पडतात, २०२२ च्या डिसेंबरात पाहिलंच आपण. त्या आठवड्यात बातम्यांवर लक्ष असू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सांबराच नक्की केलं. गोवा एक्सप्रेसचं विचारलं, आत्या म्हणाली, इतका वेळ बसवणार नाही. आजच आतेभावाशी बोलून व्हीलचेअरचा दुसरा प्रकार नोंदवायला सांगितला, मावशी, तुम्ही नसतं सांगितलं तर आम्ही पहिलाच केला असता. गाडी गल्लीतल्याच एका ड्रायव्हरची ठरली, हुबळीचं भाडंही बोलून घेतलं.

एकच राहिलं. मुतगेकर, तुम्ही सांबऱ्याच्या इतके जवळ आहात म्हणून विचारते. त्या संध्याकाळी तुम्ही घरी असाल, आणि ड्रायव्हरला वाटेत उशीर झाला, तर अर्धा तास आत्याजवळ जाऊन बसाल का? जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा.

मुतगेकर

हे काय विचारणं झालं ताई? तारीख आणि विमानाची वेळ कळवा. मी आणि बायको दोघं जातो, थर्मासमधून चहा घेऊन.