मदत हवी आहे : जॉर्ज स्नेल यांचे उंदरांवरील संशोधन दहावीच्या मुलांना मराठीत कसे समजावावे?

नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. येत्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेल यांच्या कामावर मुलांशी तासभर बोलायचे ठरवले आहे. निमित्त वर्गातलेच आहे. एका विद्यार्थिनीच्या काकांना त्यांच्या धाकट्या भावाचे मूत्रपिंड बसवले, थोरल्याची तयारी असूनही त्यांचे जुळले नाही, आणि हे ऐकून मुलांनी विचारले की एकाच आईची लेकरे असताना असे का व्हावे. या प्रश्नाचे उत्तर उंदरांच्या पिंजऱ्यांतून आले आहे आणि ते मुलांना स्वतःच्या भाषेत मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

स्नेल १९३५ साली अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत रुजू झाले. एका उंदराची कर्करोगाची गाठ दुसऱ्याच्या अंगात रुजणार की नाकारली जाणार, हे कोणती जनुके ठरवतात, याचा त्यांनी शोध घेतला. लंडनचे शास्त्रज्ञ पीटर गोरर रक्तातील प्रतिजनांच्या (शरीर ज्यांना परके म्हणून ओळखू शकते अशा घटकांच्या) वाटेने गुणसूत्रावरील त्याच जागी पोहोचले होते. पुढे दोघांनी मिळून काम केले आणि त्या जागेला एच-२ हे नाव मिळाले. माणसातील तिच्या जोडीच्या जनुकांना एचएलए म्हणतात, आणि दुसऱ्याचा अवयव जुळतो की नाही हे मुख्यतः त्यांवर ठरते. स्नेल यांना १९८० चे नोबेल पारितोषिक झाँ दोसे आणि बारुज बेनासेराफ यांच्यासह मिळाले.

इथवर सांगणे सोपे आहे. माझी अडचण पुढे, त्यांच्या पद्धतीपाशी सुरू होते. सख्ख्या भावंडांचे मीलन सलग २० पिढ्या घडवले की उंदरांचा जवळजवळ एकसारखा वाण तयार होतो. अशा दोन वाणांच्या संकरातून झालेली पिले दोन्ही आईबापांची गाठ स्वीकारतात, कारण दोघांच्याही खुणा, म्हणजे आपले-परके ओळखण्याची पेशींवरील चिन्हे, त्यांच्या अंगात असतात. स्नेल यांना एका वाणात (हा मूळ वाण) दुसऱ्या वाणाची अशी एकच परकी खूण आणायची होती. पण वरील कारणामुळे मूळ वाणाशी नुसता संकर करत राहिले, तर परकी खूण टिकली की हरवली हे कळतच नाही. म्हणून स्नेल यांनी संकरित पिलांचे आपसात मीलन घडवले आणि मग मूळ वाणाची गाठ त्यांच्या अंगात घातली. एका जागेपुरते पाहिले तर साधारण चौथा हिस्सा पिलांना परकी खूण दोन्हीकडून मिळते. तीच पिले गाठ नाकारून जगतात, आणि त्यांचाच पुन्हा मूळ वाणाशी संकर होतो. अशा दर संकरात परक्या जनुकांचा वाटा सरासरीने निम्मा होतो आणि दहा संकरांनंतर तो हजारात एकाहूनही कमी उरतो. उरलेला फरक असतो तो त्या जागेचा आणि तिच्या लगतच्या जनुकांचा. मला यातील धीर विलक्षण वाटतो, विशेषतः १९४७ च्या आगीत प्रयोगशाळेतील बहुतेक उंदीर जळाले आणि पूर्वी इतरांना दिलेल्या जोड्या परत मागवून वाण पुन्हा उभे करावे लागले, हे कळल्यापासून.

जाणकारांना माझी पहिली विनंती शब्दांविषयी आहे. भावंडांच्या मीलनातून घडवलेल्या वाणासाठीचा ‘अंतःप्रजनित’ हा शब्द मुलांना परका वाटतो. आमच्याकडे भाताच्या बियाण्याला ‘शुद्ध वाण’ म्हणतात, तो शब्द उंदरांना लावला तर चुकीचे ठरेल का? आणि एकाच जागी फरक असलेल्या वाणासाठी ‘एकफरकी वाण’ असे मी म्हणतो आहे. याहून बरा, रुळलेला शब्द कोणाला ठाऊक आहे का?

दुसरी अडचण चौथ्या हिश्शाची आहे. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यताही एक चतुर्थांशच असते, परंतु मुले त्याचा अर्थ ‘चौघांपैकी एकाचे हमखास जुळते’ असा लावतात. पांढरे पावटे आणि काळे घेवडे वापरून निम्मे होत जाणे मी दाखवू शकतो, पण निवडीची पायरी त्यात बसवताना गोंधळ होतो. कोणी वर्गात असा खेळ घेतला असल्यास क्रमवार लिहावे.

शेवटचे, आणि मला सर्वांत जड जाणारे. त्या उंदरांचे काय झाले, असे कोणीतरी विचारणारच, आणि बहुतेक गाठीने मेले हे मी लपवणार नाही. आपल्याकडे १९६० च्या कायद्यानुसार प्राण्यांवरील प्रयोगांना समितीची मंजुरी लागते, इतके मी सांगेन. पण प्रत्यक्ष प्राणिगृहात काम केलेल्या कोणी तिथला रोजचा दिवस कसा असतो आणि जनावराचा त्रास कमी करण्यासाठी काय केले जाते, हे लिहिले, तर मी ते त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवीन. वीस फेब्रुवारीपर्यंत उत्तर मिळाल्यास तक्ते नव्याने काढता येतील.