ज्येष्ठांच्या गोळ्या : चुकवल्या जातात की मुळातच जास्त आहेत?

प्रश्न

माझ्या वडिलांचे वय ७८ आहे. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी आणि निद्रानाश यांसाठी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या मिळून नऊ गोळ्या त्यांना रोज घ्यायच्या असतात. त्यांतल्या काही ते मुद्दाम टाळतात. कारण विचारले तर एका गोळीने सकाळी गुंगी राहते आणि दुसरीने पाय सुजतात, असे सांगतात. त्यांना औषधे नियमित घ्यायला कसे लावावे, आणि या सगळ्यांची खरोखर गरज आहे का, हे कोणाला विचारावे?

प्रतिसाद १

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे, असे मी सुचवेन. विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सुमारे निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नमूद केले होते. मात्र विसरणे आणि जाणूनबुजून टाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वारांची नावे असलेली डबी किंवा मोबाइलचा गजर विसरभोळ्याला उपयोगी पडतो, पण ज्याला गोळीचा त्रास होतो त्याला त्याने काहीच साधत नाही. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांचे पाय सुजणे हा त्या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे. तो ओळखला गेला नाही, तर सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होते, मग वारंवार उठावे लागते म्हणून झोपमोड होते आणि त्यावर झोपेची गोळी येते. वडिलांच्या यादीत नेमकी अशी साखळी आहे का, हे पाहायला हवे. त्यांच्या तक्रारीला हट्ट समजू नये.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. वृद्धांसाठी सहसा टाळावीत अशा औषधांची ‘बिअर्स निकष’ नावाची यादी अमेरिकेत १९९१ पासून प्रचलित असून तिची अलीकडची सुधारित आवृत्ती २०२३ ची आहे. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या तीत आहेत, कारण त्यांनी पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. साखर अचानक खाली नेणारे मधुमेहावरचे ग्लिबेनक्लामाइडही आहे. गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके रोज चालू असतील, तर मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का ते विचारा. वयानुसार स्नायू घटलेले असल्यास क्रिएटिनीनचा (मूत्रपिंडाचे काम जोखणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा ठीक दिसूनही मूत्रपिंडाची क्षमता कमी झालेली असू शकते. अर्थात, यादीत नाव असणे म्हणजे बंदी नव्हे; रुग्ण पाहून ठरवावे लागते.

प्रतिसाद ३

हे सगळे वाचून कोणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत, एवढ्यासाठी लिहीत आहे. रक्तदाब व हृदयविकारासाठीचे बीटा ब्लॉकर गटातील औषध एकदम थांबवल्यास छातीत दुखणे किंवा हृदयविकाराचा झटका येणे संभवते, आणि बरेच महिने घेतलेली झोपेची गोळी तडकाफडकी सोडल्यास फिट्सही येऊ शकतात. औषधे कमी करायची ती एका वेळी एक आणि गरजेनुसार मात्रा हळूहळू उतरवत. घरातली सगळी औषधे, डोळ्यांचे थेंब, मलमे, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि काढे एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. वडील काय टाळतात तेही स्पष्ट सांगा. ते कळले नाही, तर रक्तदाब आटोक्यात का येत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते, आणि पुढे रुग्णालयात दाखल झाल्यावर तीच मात्रा नियमाने दिली गेली की रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पिशवी भरतानाच दोन निराळ्या नावांच्या पाकिटांत पॅन्टोप्राझोल हे पोटातील आम्ल कमी करणारे एकच औषध सापडले. दोन डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे लिहिले होते.

प्रतिसाद १

मग चिठ्ठीवर कंपनीच्या नावाशेजारी मूळ औषधाचे नावही लिहून घ्या, आणि प्रत्येक गोळी कशासाठी व कधीपर्यंत, हे त्याच भेटीत विचारा. पॅन्टोप्राझोल वेदनाशामकामुळे पोटाला त्रास होऊ नये म्हणून दिले असेल, तर वेदनाशामक थांबल्यावर त्याचीही गरज उरते का, ते तेव्हाच ठरवता येईल.