कोल्हापुरात सिनेमाची जुनी पोस्टरं, शोकार्डं कुठं बघायला मिळतील?

वऱ्हाडी_भटका
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात अमरावतीहून कोल्हापूरला येतोय. अंबाबाई आणि पन्हाळा ठरलेलंच आहे. पण कुठल्याही गावी गेलो की मी सिनेमाची जुनी पोस्टरं, शोकार्डं (थिएटरात लावायचे पुठ्ठ्यावरचे छोटे फलक), गाण्यांच्या पुस्तिका शोधतो. मराठी सिनेमा जिथं वाढला त्या गावात तर हे मिळायलाच हवं. असं खास दुकान आहे का? आणि अस्सल पोस्टर ओळखायचं कसं?

मंगळवार_पेठकर
या की भावा! फक्त दुकानाची पाटी शोधत फिरू नका. माझं काम बुक बाइंडिंगचं, रद्दीवाल्यांकडं रोजचं जाणं-येणं. आमच्याकडं असला माल रद्दीवाला, फोटो फ्रेमवाला आणि जुनं फर्निचर विकणारा यांच्याकडं निघतो. पोस्टर कपाटाच्या फळीवर अंथरलेलं असतं, नाहीतर देवाच्या तसबिरीमागं पाठ म्हणून लावलेलं. "सिनेमाचं काय आहे का?" विचारलं की नाही म्हणतात. "जुनी कॅलेंडरं, छापील कागद, काय बी दाखवा" म्हणा, मग गठ्ठा सुटतो.

त्याआधी खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ बघा. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी इथं देशी कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही रंगवली. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम यांनी सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन १९२९ मध्ये इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. त्या काळातलं पोस्टर रद्दीत मिळंल ही आशा मात्र धरू नका. मूकपटांची रिळंसुद्धा चांदी काढायला विकली गेली, तिथं कागद कोण सांभाळणार? याचं मला आजही लई वाईट वाटतं. पन्नास ते ऐंशीच्या दशकातलं मिळू शकतं. त्यात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटाचं काही दिसलं तर सोडू नका.

ओळखायला घड्याळजीचं भिंग खिशात ठेवा. शिळाछापात, म्हणजे दगडावरनं केलेल्या जुन्या छपाईत, रंग खडूसारखा रवाळ दिसतो, ठिपक्यांची जाळी नसते. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची बारीक फुलं दिसतात. आताच्या प्रिंटरवरचं असंल तर जुन्या पोस्टरच्या घड्या आणि फाटकी कडासुद्धा चित्रात छापून येते. त्या घडीवरनं बोट फिरवा. कागद सपाट लागला की समजायचं, नवीन आहे. खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का तेही बघा. ती कड कापलेली असंल तर मी तरी पैसे मोजत नाही.

जुनी_तबकडी
पेठकरदादांना दुजोरा. त्याच दुकानांत गाण्यांच्या तबकड्याही विचारा. लाखेची ७८ वाली (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) उजेडात तिरकी धरून बघा, केसाएवढी चीर असली तरी सुई तिथं उडी मारते. आणि स्पिरिटनं कधीच पुसू नका, लाख विरघळते.

वऱ्हाडी_भटका
दादा, मनापासून आभार. एक विचारू? माझी बहीण परदेशात असते, तिला भेट म्हणून द्यायचं मनात आहे. आणि अमरावतीपर्यंत न्यायचं कसं?

मंगळवार_पेठकर
१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. साठ-सत्तरच्या दशकातलं पोस्टर त्यात येत नाही. प्रवासात, घडीचं असंल ते घडीतच ठेवा. जुना कागद उलटा गुंडाळला की घडीवर तुटतो. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून बॅगेत आडवं ठेवा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. फाटलेलं असंल तर माझ्याकडं घेऊन या. जपानी कागद आणि गव्हाच्या खळीनं मागनं जोडून देतो, पैसे नकोत. फक्त एक दिवस हाताशी ठेवा, खळ सावलीत वाळावी लागते.