देवाला विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (रीतींचा धागा)

घोडबंदरला घर घ्यावं की भाड्यानेच राहावं, ऐरोलीतली नोकरी सोडून पुण्याची धरावी का, आलेलं स्थळ पुढे न्यावं का. अशा वेळी ठाणे-नवी मुंबईतले आपल्यापैकी कितीतरी जण "देवाला विचारतो" म्हणतात. विचारायचं कसं, हे मात्र घरात तोंडीच राहतं आणि पुढच्या पिढीपर्यंत अर्धंमुर्धं पोचतं. म्हणून जाणकारांना मुद्दाम बोलावणं. स्वतःची हकीकत नको, रीत लिहा: काय लागतं, कशानंतर काय करायचं, कुठे चुकतं आणि का. कुठल्याही धर्माचं चालेल. देव आहे की नाही, हा वाद इथे आणू नका ही विनंती.

पाचपाखाडीचा मालवणी

कौलापासून सुरू करतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर पाकळ्या चिकटवून त्याचा होकार-नकार घेणं.

आधी देवस्थानात फोन करून दिवस विचारून घ्या. कौल रोज लावतातच असं नाही, प्रत्येक देवळाचे वार आणि वर्ज्य तिथी वेगळ्या. घरात सुतक किंवा सोयर असेल तर ते फिटेपर्यंत थांबा. नारळ, विडा, फुलं आणि दक्षिणा एवढं पुरतं. गुरव आधी गाऱ्हाणं घालतो. त्यात देवाचं नाव, गावच्या बारा-पाच मानकऱ्यांचं स्मरण, तुमचं घराणं, तुमचं नाव आणि विषय येतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग पाकळ्या, कळ्या किंवा तांदूळ पाण्यात भिजवून पाषाणाच्या ठरलेल्या जागांवर चिकटवतात. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. उजवं कोणाचं धरलंय, देवाचं की समोरच्या माणसाचं, हे गाऱ्हाण्याआधीच विचारून ठेवा. पाकळी पडल्यावर यावर वाद घालणं शोभत नाही.

चुकतं ते बहुतेक प्रश्नात. "ठाण्याची जागा विकून पनवेलला घेऊ की गावी घर बांधू?" याला पाकळी उत्तर देऊच शकत नाही, ती फक्त हो किंवा नाही सांगते. याचे तीन प्रश्न होतात: जागा विकू का? विकली तर पनवेलला घेऊ का? नाहीतर गावी बांधू का? पहिल्याला नकार आला की उरलेले दोन विचारायचेच नाहीत. प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहून न्या. गुरवासमोर उभं राहिल्यावर जीभ अडखळते आणि भलतंच वाक्य गाऱ्हाण्यात जातं.

दोन्ही पाकळ्या एका मापाच्या आणि सारख्याच ओल्या असाव्यात. एक जाड, एक पातळ असेल तर कौल देवाचा न राहता पाकळीचा होतो. जवळचा पंखा बंद करायला सांगायला लाजू नका. बराच वेळ काहीच पडलं नाही तर घाई करू नये, प्रश्न धड मांडलेला नाही असं धरून गाऱ्हाणं नव्या शब्दांत घालतात. नकार आल्यावर तोच प्रश्न फिरवून विचारणं मात्र देवाला खोटं पाडण्यासारखं आहे. जाणता गुरव ते करू देत नाही.

दुसऱ्या माणसाबद्दल विचारू नका. "आमच्यावर कोणी केलं?" हा कौलाचा प्रश्नच नव्हे. कौलाचा आधार घेऊन कुणावर करणीचा आळ घेणं हे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली थेट गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं, आणि गावातली दोन घरं कायमची तुटतात ती वेगळीच.

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून निघत नाही. दरवर्षी गावकरी देवीचा कौल घेऊन ती ठरवतात, आणि ती कळल्यावर ठाण्यातला चाकरमानी रजेचा अर्ज लिहायला घेतो. जत्रा करायची की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. ते ठरलेलंच असतं, देवीला फक्त दिवस विचारतात. आपल्या प्रश्नातही माणसांनी ठरवायचं किती आणि देवावर सोडायचं किती, हे आधी वेगळं काढा.

खारघर सेक्टरवाली

देवापुढच्या चिठ्ठ्या. सगळे तुकडे एकाच पानाचे, पट्टी ठेवून फाडलेले, घड्या सारख्याच. बॉलपेनने लिहू नका, अक्षरांचा उठाव मागून बोटाला लागतो. स्केचपेनची शाई पलीकडे उतरते. पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. चिठ्ठ्या वाटीत घालून वर ताटली धरा आणि हलवा. उचलणारं मूल वाचता न येणारं असेल तर उत्तम.

दोनऐवजी तीन करा: हो, नाही, थांब. "थांब"च्या चिठ्ठीवर तारीख हवीच ("दिवाळीपर्यंत थांब"), नाहीतर ती टाळाटाळीची चिठ्ठी होते. दोघांचा निर्णय असेल तर दोघं हजर हवेत. एकाने टाकलेली चिठ्ठी दुसऱ्यावर लादली की भांडणात देव ओढला जातो.

आमच्या भागात आणखी एक पाहते: सिडकोच्या सोडतीत नाव आलं की "देवाचीच इच्छा" म्हणून लोक डोळे मिटून पैसे भरायला निघतात. सोडत एवढंच सांगते की हे घर तुम्हाला घेता येईल. हप्ता किती बसतो, स्टेशन किती लांब, आईच्या गुडघ्यांना ते जमेल का, हे सगळं अजून बघायचं असतं. ते बघा आणि मग देवासमोर बसा.

चरईतला कॅथलिक

आमच्याकडे संत इग्नेशियस लोयोला यांची रीत चालते. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पराक्रमाच्या स्वप्नांत मन रमायचं, पण ती सरली की कोरडं व्हायचं. संतांच्या चरित्रांनी मिळालेलं समाधान मात्र नंतरही राहायचं. सगळी पद्धत या निरीक्षणावर उभी आहे. त्यांची साधनेची पुस्तिका १५४८मध्ये पोपच्या मान्यतेने छापली गेली.

पहिली अट अशी की दोन्ही पर्याय चांगले असले पाहिजेत. लबाडी करू की नको, हा देवाला विचारायचा प्रश्न नव्हे. लग्न झाल्यावर लग्न टिकवू का, हाही नाही. दुसरी अट, मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध आणायचं. हे सर्वांत कठीण. एका बाजूला आधीच झुकलेला माणूस प्रार्थना करतो तेव्हा तो विचारत नसतो, सही मागत असतो. काटा मधोमध येईपर्यंत प्रार्थना फक्त त्याचीच करावी, त्यात आठवडा गेला तरी चालेल.

मग वही घ्या आणि चार रकाने आखा: स्वीकारण्याचे फायदे, स्वीकारण्याचे धोके, न स्वीकारण्याचे फायदे, न स्वीकारण्याचे धोके. लोक दोन रकान्यांत उरकतात आणि "न स्वीकारल्याने काय मिळेल" हे राहून जातं. वास्तविक नोकरी नाकारली तर संध्याकाळचे दोन तास मुलांचे राहतात, ही गोष्ट त्याच रकान्यात सापडते. मुद्दे मोजायचे नाहीत, तोलायचे. एक जड मुद्दा सहा हलक्यांना भारी पडतो.

पारडं कुठे झुकतं ते दिसलं की तो निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा आणि रोज मनाची नोंद करायची. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, निदान दोन आठवडे तरी करा. सोबत तीन कसोट्या: हाच प्रश्न घेऊन अनोळखी माणूस आला तर त्याला काय सांगाल? मरणाच्या दारात असताना काय निवडलेलं बरं वाटेल? आणि न्यायाच्या दिवशी?

एक नियम कधीही मोडू नये: मन उदास, कोरडं, देवापासून तुटल्यासारखं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. यात लोक थकव्याला उदासी समजतात. सीएसएमटीहून उभ्याने ठाण्याला परतलेल्या माणसाला रात्री साडेनऊला कुठलाच निर्णय बरोबर वाटणार नाही. नोंद सकाळी, लोकल पकडण्याआधी करा. फादर किंवा सिस्टर यांच्याशी अधूनमधून बोला, पण "तुम्हीच सांगा" म्हणू नका. साधना करून घेणाऱ्याने कुठल्याच बाजूला झुकवायचं नाही, असं त्या पुस्तिकेतच लिहिलंय.

कोपरी

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, हे चालतं का?

चरईतला कॅथलिक

नको. आगंमागं तोडलेलं वचन काहीही सांगू शकतं. गिदोनाने लोकर अंगणात ठेवून दवाची खूण देवाकडे मागितली, तिचा दाखला लोक देतात, पण बायबलातलं शास्ते ६ नीट वाचा. देवाने त्याला आज्ञा आधीच दिली होती. लोकर धीर येण्यासाठी होती, मार्ग शोधण्यासाठी नव्हे. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांतही यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, ती कधी? योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो बरोबर होता तोच हवा, ही अट आधी ठरली, तिच्यात बसणारे दोघे निवडले, प्रार्थना झाली, आणि चिठ्ठ्या त्यानंतर.

कौसा, मुंब्रा

इस्तिखाराबद्दल, म्हणजे निर्णयाआधी अल्लाहकडे योग्य वाट मागण्याची नमाज आणि दुआ (प्रार्थना). आधी मशवरा, म्हणजे त्या विषयातल्या जाणत्या, भरवशाच्या माणसांचा सल्ला. मग फर्ज (बंधनकारक) नमाजाव्यतिरिक्त दोन रकात (नमाजाचे फेरे) नमाज, आणि त्यानंतर पैगंबरांचे सहकारी हजरत जाबिर यांनी सांगितलेली, बुखारी या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची-कृतींची नोंद) आलेली दुआ. दुआत "हे काम" असे शब्द येतात तिथे आपलं काम मनात आणा किंवा त्याचं नाव घ्या. रात्रीच करायला हवं असं नाही. सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना मात्र नमाज टाळा. मासिक पाळीत बायकांनी नुसती दुआ केली तरी चालते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वप्नाची वाट पाहणं. पांढरं-हिरवं दिसलं तर होकार, काळं-लाल दिसलं तर नकार, हे त्या हदीसमध्ये कुठेही नाही. दुआचा अर्थ पाहा: हे माझ्यासाठी चांगलं असेल तर सोपं कर, वाईट असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर फिरव. म्हणजे दुआ करून झोपून राहायचं नाही, पाऊल टाकायचं. स्थळ असेल तर चौकशीचा फोन करा, घर असेल तर कागद मागवा. वाट मोकळी होते की अडत जाते, ते बघत चला. खात्री नाही झाली तर पुन्हा करता येतो. पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेण्यात अर्थ नाही, दुआतला "मी" तुम्हीच आहात. आणि जे फर्ज आहे किंवा हराम (निषिद्ध) आहे, त्यासाठी इस्तिखारा नसतोच.

नौपाडा

गीतेचा अठरावा अध्याय, ६३वा श्लोक. सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग "यथेच्छसि तथा कुरु". प्रत्यक्ष देव समोर असतानाही विचार करण्याचं काम अर्जुनाकडेच राहिलं. कौल लावणाऱ्यांनीही हा श्लोक जवळ ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

वाशीतली वकील

घराच्या बाबतीत देवाला विचारण्याआधीचे कागद: महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि ताबा देण्याची तारीख, जुनी इमारत असेल तर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सिडकोची जमीन असेल तर भाडेपट्टा आणि हस्तांतराची परवानगी. हे न बघता कौल लावणं म्हणजे जे सरकारी दप्तरात मिळतं ते देवळात मागणं.

कोपरी

टोकन देऊन झालंय आणि नंतर कौलात नकार आला, तर?

पाचपाखाडीचा मालवणी

म्हणून टोकनआधी विचारायचं. टोकन दिलं म्हणजे शब्द दिला. आता गाऱ्हाण्यात "घेऊ का" घालू नका, "घेतलंय, सांभाळून घे म्हाराजा" एवढंच घाला. करारात मागे फिरायची मुदत असेल तर वकीलबाईंना दाखवा, पण ती तारीख उलटायच्या आत.